कोंडीची रोजकीर्द

गेल्या हिवाळ्यात एका सकाळी साडेनऊच्या सुमारास फोन वाजला. आमच्या शाखेतले जुने हेड कॅशियर पहाटे गेले होते. साडेअकराला वैकुंठात न्यायचे ठरले होते. मी डहाणूकर कॉलनीत राहतो. तिथून वैकुंठ जेमतेम चार-पाच किलोमीटर. कर्वे पुतळ्यावरून नळ स्टॉप, तिथे उजवीकडे वळले की म्हात्रे पूल, पूल ओलांडला की नवी पेठ. रिक्षाने फार तर पंचवीस मिनिटे. तरी हाताशी वेळ असावा म्हणून मी साडेदहाच्या ठोक्याला निघालो. वैकुंठात पाऊल टाकले तेव्हा बारा वाजायला सात मिनिटे कमी होती. विद्युतदाहिनीची वेळ ठरलेली, मागे दुसरे लोक थांबलेले. त्यांच्या मुलाने माझा हात हातात घेतला आणि म्हणाला, "काका, थांबणं शक्यच नव्हतं हो." त्याचे काहीच चुकले नव्हते. अडतीस वर्षे नोकरी केली, तिच्यातली पहिली सहा ज्यांच्या शेजारी बसून काढली, त्यांचे अखेरचे दर्शन माझे हुकले.

उशीर झाला याचे दुःख आहेच. पण त्याहून जास्त छळते आहे ते वेगळेच. तो उशीर कशामुळे झाला, हे मला अजून कळलेले नाही.

कर्वे रस्त्यावर आमची रिक्षा थांबली ती थांबलीच. सुरुवातीला लोक शांत होते. मग हॉर्न सुरू झाले. मग तर्क. शेजारच्या स्कूटरवाल्याने सांगितले, पुढे कोणी मंत्री येणार आहेत. त्याच्या पुढच्याने सांगितले, सिग्नल बंद पडला आहे. एका बाईंना खात्री होती की पुलावर बस बंद पडली आहे. रिक्षावाला अनुभवी होता. तो म्हणाला, "काका, काही नसतं पुढं. आज आपली बारी, एवढंच. उतरून चालत गेलात तर लवकर पोचाल." माझ्या गुडघ्यांनी तो सल्ला नाकारला. सव्वा तासाने आम्ही त्या जागी पोचलो, जिथून रस्ता मोकळा झाला. मी मान बाहेर काढून दोन्ही बाजूंना पाहिले. बस नव्हती, खड्डा नव्हता, मोर्चा नव्हता, फुटलेल्या काचेचा तुकडाही नव्हता. हवालदार रस्त्याच्या कडेला निवांत उभा होता. वाहने जणू काही झालेच नाही अशी भुर्रकन पळत होती. रिक्षावाल्याने माझ्याकडे पाहिले. 'मी काय म्हणालो होतो' असा तो चेहरा होता.

पुण्यात राहणाऱ्या प्रत्येकाला हा अनुभव आहे. वाहतुकीचा मुरंबा हा शब्द आपल्या वर्तमानपत्रांनी रूढ करून कित्येक वर्षे झाली. पण निदान मुरंबा कोणी घातला हे घरात माहीत असते. इथे तेही नाही. गणपतीचे दिवस असोत, पालख्या शहरात असोत, मुसळधार पाऊस असो, पुणेकर कुरकुरत का होईना सोसतो, कारण त्याला कारण दिसत असते. माणसाला चिडवते ती बिनकारणाची कोंडी.

काउंटरवरची शिकवण

त्या दिवशी वैकुंठातून परतताना हेड कॅशियर आठवत राहिले, आणि त्यांचेच एक वाक्य. १९८३-८४ चा काळ. शाखेत संगणक नव्हता. पैसे काढायला आलेल्याला पितळी टोकन मिळायचे. महिन्याच्या पहिल्या तारखेला पेन्शनर मंडळी सकाळी नवापासून पायऱ्यांवर बसलेली असत. मी नवखा. साडेअकराला रांग दरवाज्याबाहेर जायची आणि मी घाबरून चटचट नोटा मोजायला लागायचो. ते म्हणायचे, "रांग आत्ता झालेली नाही. ती दहा वाजून दहा मिनिटांनीच झाली. तुला आत्ता दिसली."

त्या वेळी मला ते हेड कॅशियरचे शहाणपण वाटले होते. पुढे बँकेच्या प्रशिक्षणात कळले की यामागे रीतसर गणित आहे. कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत काम करणाऱ्या एर्लांग नावाच्या डॅनिश गणितज्ञाने १९०९ मध्ये या विषयावरचा पहिला निबंध लिहिला. एक्स्चेंजवर फोन येतात ते वेळापत्रक लावून येत नाहीत, मग तारा किती ठेवायच्या, हा त्याचा प्रश्न होता. बँकेची खिडकी, दवाखाना, टोलनाका आणि चौक, सगळ्यांना तेच गणित लागू पडते.

ते गणित काउंटरच्या भाषेत सांगतो. समजा, एक कॅशियर तासाला सरासरी वीस गिऱ्हाइके उरकतो. गिऱ्हाइके आपापल्या सवडीने येतात, कोणाचे काम मिनिटात होते तर कोणाचे दहा मिनिटांत. तासाला दहा जण येत असतील तर खिडकीपाशी सरासरी एकच माणूस दिसेल. सोळा येऊ लागले तर चार. अठरा आले तर नऊ. आणि एकोणीस आले तर? एकोणीस! अठराचे एकोणीस होताना गिऱ्हाईक एकच वाढले, रांग मात्र दुपटीहून जास्त झाली. कॅशियर तोच, त्याचा वेग तोच. खिडकीची ताकद संपत आली की शेवटचा एक माणूस आधीच्या दहा जणांइतका भारी पडतो.

आता हाच हिशेब रस्त्याला लावा. समजा, एका पुलावरून मिनिटाला तीस वाहने जाऊ शकतात आणि सकाळच्या गर्दीत सत्तावीस येत आहेत. सगळे सुरळीत चालले आहे. एक टेम्पो पुलाच्या तोंडाशी पाच मिनिटे आडवा लागतो. चालकाला पत्ता विचारायचा असतो, किंवा गाडी मागे घ्यायची असते. पाच मिनिटांत एकशे पस्तीस वाहने तुंबतात. टेम्पो निघून जातो. आता पुलावरून मिनिटाला तीस वाहने बाहेर पडतात, पण मागून सत्तावीस येतच आहेत. म्हणजे तुंबलेल्यांपैकी मिनिटाला फक्त तीन कमी होतात. एकशे पस्तीस कमी व्हायला पंचेचाळीस मिनिटे लागतात. पाच मिनिटांचे पाप पाऊण तास फेडायचे. त्या पाऊण तासात जे आले त्यांनी टेम्पो पाहिलेलाच नसतो. ते पुलापाशी पोचतात तेव्हा टेम्पोचा चालक कुठेतरी चहा पीत असतो. माझी रांगही अशीच कुठेतरी दहा वाजून दहा मिनिटांनी झाली असणार. मला ती साडेदहानंतर दिसली.

पण कधीकधी तो टेम्पोही नसतो. जपानमधील नागोया विद्यापीठाचे युकी सुगियामा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. २३० मीटर परिघाचा गोल रस्ता आखला. त्यावर २२ मोटारी सारख्या अंतरावर उभ्या केल्या. चालकांना एवढेच सांगितले की ताशी ३० किलोमीटरच्या वेगाने, पुढच्या गाडीशी सुरक्षित अंतर ठेवून चालवा. सिग्नल नाही, चौक नाही, खड्डा नाही, म्हैस नाही. थोडा वेळ सगळे छान चालले. मग कोणीतरी किंचित वेग कमी केला. मागच्याने जरा जास्त कमी केला, त्याच्या मागच्याने आणखी. बघता बघता काही गाड्या पूर्ण थांबल्या. ही थांबलेल्या गाड्यांची गाठ ताशी सुमारे २० किलोमीटरच्या वेगाने मागे मागे सरकत राहिली. गाड्या पुढे जात होत्या आणि कोंडी उलटी चालली होती. दोषी कोण? कोणीच नाही. दाटी एका मर्यादेपलीकडे गेली की एखाद्याचा पाय ब्रेकवर पडणे पुरते.

जपानमधल्या त्या वर्तुळात दोन गाड्यांच्या मध्ये निदान थोडी जागा होती. आपल्याकडे ती जागा कोणी सोडली तर तिथे लगेच दोन दुचाक्या शिरतात. मोकळी जागा म्हणजे वाया गेलेली जागा, अशी आपली समजूत. खरे तर ती जागा धक्का पचवण्यासाठी असते. बँक सगळ्या ठेवी कर्जाऊ देत नाही, काही रोकड हाताशी राखते, तशी ती रस्त्याची राखीव शिल्लक आहे. ती आपण रोज सकाळी खर्चून टाकतो.

नवा पूल आणि लाकडी पूल

शिल्लक इतकी कमी का, याचे उत्तर पुण्याच्या भूगोलात आणि इतिहासात आहे. मुठेने शहराचे दोन भाग केले आहेत. रस्ते कितीही असले तरी नदी ओलांडायला मोजकेच पूल. १९२३ साली बांधलेल्या पुलाला शंभरी उलटून गेल्यावरही आपण 'नवा पूल' म्हणतो, आणि लाकडाचा एक तुकडा न उरलेल्या पुलाला 'लाकडी पूल'. नावे बदलत नाहीत हे ठीक, पण पुलांवर पडणारा भार बदलला. एका बाजूला पेठा, दुसऱ्या बाजूला डेक्कन, एरंडवणे, कोथरूड. पश्चिमेला टेकड्या, मध्ये रेल्वेचे रूळ, पूर्वेला लष्कराची हद्द. अशा गावात वाटा सगळीकडून येऊन बाटलीच्या गळ्याशी जमतात. पेठांमधले रस्ते तर पायी चालणाऱ्यांसाठी, पालख्यांसाठी आणि बैलगाड्यांसाठी वाढलेले. त्यांनी आजवर साथ दिली हेच आश्चर्य.

त्यात गाव वाढले. २००१ च्या जनगणनेत महापालिका हद्दीत साधारण २५ लाख माणसे होती, २०११ मध्ये ३१ लाख. २०१७ मध्ये ११ गावे शहरात आली, २०२१ मध्ये आणखी २३. गावे कागदावर एका दिवसात आली, रस्ते आले नाहीत. शेताच्या बांधावरून जाणारी वाट तशीच राहिली आणि दोन्ही बाजूंना बारा-बारा मजले उभे राहिले. १९८७ च्या विकास आराखड्यात शहराभोवती उन्नत वर्तुळाकार मार्गाची आखणी होती. तो मार्ग आजही आराखड्यातच आहे. त्या वर्षी जन्मलेली मुले आता स्वतःच्या मुलांना शाळेत सोडायला जाताना कोंडीत अडकतात.

आणि वाहने. २०१८ मध्ये बातमी आली की पुण्यात नोंदलेल्या वाहनांची संख्या ३६ लाखांवर गेली आणि तिने शहराच्या लोकसंख्येला मागे टाकले. त्यांत सुमारे २७ लाख दुचाक्या. भंगारात गेलेल्या जुन्या गाड्याही या आकड्यात असणार, हे माझ्यासारख्या खाती तपासणाऱ्याला लगेच जाणवते. तरीही चित्र बदलत नाही. वाहतुकीची माहिती गोळा करणाऱ्या टॉमटॉम या डच कंपनीच्या २०२४ च्या यादीत जगातल्या सर्वांत संथ शहरांत पुणे चौथे होते. दहा किलोमीटरला सरासरी ३३ मिनिटे २२ सेकंद. म्हणजे ताशी १८ किलोमीटर. ज्या शहराला एकेकाळी सायकलींचे शहर म्हणत, त्याने लाखो इंजिने विकत घेतली, कोट्यवधींचे पेट्रोल जाळले आणि पुन्हा सायकलीच्याच वेगावर येऊन थांबले.

त्या कर्जांवर माझी सही आहे

इथे मला एक कबुली द्यायची आहे. त्या ३६ लाखांत काही माझ्या सहीची आहेत.

मी नोकरीला लागलो तेव्हा चेतक स्कूटरसाठी लोक वर्षानुवर्षे वाट पाहत. नंबर लागला की घरात पेढे. सायकलवरून कारखान्यात जाणारा माणूस लूनावर आला की त्याच्या चालण्यात फरक पडे. पुढे १९९१ नंतर वारे बदलले. वाहनकर्जे हा बँकांचा आवडता धंदा झाला. आमच्या शाखेला वर्षाचे लक्ष्य मिळे आणि ते पुरे करताना मार्च महिन्यात माझ्या टेबलावर वाहनकर्जांचे अर्ज चळतीने असत. मी अर्जदाराचा पगार पाहिला, जामीनदार पाहिले, हप्ता झेपेल का ते पाहिले. गाडी लावणार कुठे, चालवणार कुठे, हा रकाना अर्जात नव्हता. कोणी विचारलाही नाही. मलाही सुचला नाही.

त्या अर्जदारांना मी आज दोष देणार नाही. नोकरी आकुर्डीत आणि घर धनकवडीत असलेल्या माणसाला वेळेवर बस मिळत नव्हती. त्याने स्कूटर घेतली यात चैन कसली? मुलीला रात्रीच्या क्लासवरून एकटीने यावे लागू नये म्हणून बाप गाडी घेतो, म्हाताऱ्या आईला दवाखान्यात नेता यावे म्हणून मुलगा मोटार घेतो. प्रत्येकाचा निर्णय त्याच्यापुरता बरोबर. सगळ्यांच्या बरोबर निर्णयांची बेरीज मात्र चुकली. बँकेवर अविश्वास दाखवून एकाने ठेव काढून घेतली तर तो शहाणा ठरतो. सगळ्यांनी एका दिवशी तोच शहाणपणा केला तर बँक बुडते.

माझ्याही इमारतीच्या पार्किंगमध्ये माझी मोटार आहे. कर्मचाऱ्यांच्या सवलतीच्या व्याजाने घेतलेली. आठवड्यातून दोनदा बाहेर निघते. सौ.चे म्हणणे, "अहो, नुसती उभी आहे, विकून टाका." पण ती उभी आहे तोवर निदान कोणाच्या वाटेत नाही, असे मी म्हणतो. हा युक्तिवाद आमच्या घरात फारसा चालत नाही.

उपाय आणि त्यांचे हप्ते

या शहराने उपाय केले नाहीत असे नाही. डिसेंबर २००६ मध्ये कात्रज-स्वारगेट-हडपसर मार्गावर बसला स्वतंत्र मार्गिका देण्याचा, म्हणजे बीआरटीचा देशातला पहिला प्रयोग पुण्यातच झाला. कल्पना उत्तम होती. साठ माणसे नेणाऱ्या वाहनाला एका माणसाला नेणाऱ्या वाहनापेक्षा अगोदर वाट मिळावी, यात गैर काय? पण मार्गिका कुठे सुरू व्हायची, कुठे संपायची, आणि तिच्यात सगळे शिरायचे. पुढे नगर रस्त्यावरची मार्गिका तर उखडूनच टाकली. बसला दिलेली वाट परत घेतली म्हणून कोंडी सुटल्याचे मला तरी त्या रस्त्यावर दिसलेले नाही.

मग उड्डाणपूल. विद्यापीठ चौकातला पूल बांधला आणि २०२० मध्ये पाडला, कारण तिथे मेट्रोसह दुमजली पूल हवा होता. २०२५ च्या ऑगस्टमध्ये त्या नव्या पुलाची एक बाजू खुली झाली. मधली पाच वर्षे त्या चौकाने जे सोसले ते तिथून जाणाऱ्यांना विचारा. चांदणी चौकातला जुना पूल २ ऑक्टोबर २०२२ ला मध्यरात्रीनंतर सुरुंगांनी पाडला, तेव्हा अर्धे पुणे टीव्हीसमोर जागे होते. त्याच्या थोडेच आधी खुद्द मुख्यमंत्री तिथल्या कोंडीत अडकले होते, हेही वाचकांना आठवत असेल. नवा पूल ऑगस्ट २०२३ मध्ये सुरू झाला आणि त्या चौकाला नक्कीच हायसे वाटले. नळ स्टॉपलाही २०२२ मध्ये मेट्रोखालचा उड्डाणपूल आला. माझ्या त्या सकाळी मात्र पुलाच्या पुढचा आणि मागचा रस्ता तेवढाच होता जेवढा पूर्वी होता. एक खिडकी मोठी केली की रांग पुढच्या खिडकीवर जाते, हे आम्ही बँकेत नेहमी पाहत असू.

रस्ते वाढवल्याने कोंडी का हटत नाही, याचा अभ्यास अमेरिकेत ड्युरँटन आणि टर्नर या दोन अर्थशास्त्रज्ञांनी केला. २०११ मध्ये त्यांनी दाखवले की शहरांत रस्त्यांची लांबी जितकी वाढते, जवळजवळ तितक्याच प्रमाणात वाहनांची धाव वाढते. रस्ता मोकळा झाल्याचे कळले की घरी बसलेली गाडी बाहेर निघते. उलट उदाहरण दक्षिण कोरियातल्या सोल शहराचे. तिथे २००३ पासून शहराच्या मध्यातला एक उन्नत महामार्ग पाडून त्याखाली गाडलेला ओढा २००५ मध्ये पुन्हा वाहता केला. वाहतूक कोलमडेल असे म्हणणारे पुष्कळ होते. ती कोलमडली नाही, कारण त्याच सुमारास तिथे बसगाड्यांची व्यवस्था मुळापासून सुधारली होती. नुसता रस्ता काढून घेऊन हे होत नाही, हे ध्यानात ठेवले पाहिजे.

आणि पार्किंग! रस्त्याची एक पूर्ण ओळ आपण उभ्या गाड्यांना फुकट दिली आहे. २०१८ मध्ये महापालिकेने पार्किंगचे धोरण मंजूर केले. इतका गदारोळ झाला की ते मोजक्या रस्त्यांपुरते करण्याचे ठरले. बँकेत लॉकर ठेवायला आपण निमूट भाडे देतो. लक्ष्मी रस्त्यावर दहा फूट जागा दिवसभर अडवायला मात्र दमडी द्यायची नाही, हा आपला बाणा. त्याच लक्ष्मी रस्त्यावर २०२१ पासून ११ डिसेंबरला पादचारी दिन साजरा होतो. त्या दिवशी रस्ता माणसांना मिळतो. एकदा मी गेलो होतो. लहान मुले मध्यभागी पळत होती आणि त्यांचे आईबाप मागून हाका मारत नव्हते. वर्षातून एक दिवस का होईना, रस्ता कोणासाठी असतो ते दिसले.

कॅश जुळल्याशिवाय

तर मग माझे म्हणणे काय? मी वाहतूकतज्ज्ञ नाही. मी हिशेब जुळवणारा माणूस. आमच्या वेळी शाखेत एक नियम होता. दिवसअखेर रोकड जुळल्याशिवाय कोणी घरी जायचे नाही. एक रुपयाचा फरक असला तरी रात्री नऊ-नऊ वाजेपर्यंत व्हाउचर चाळायचे. त्या एका रुपयाला किंमत नव्हती. पण आज रुपया का चुकला हे सोडून दिले, तर उद्या हजार का चुकले हे कोणालाच सांगता येणार नाही, हे हेड कॅशियर जाणून होते.

खडकवासला, पानशेत, वरसगाव, टेमघर या धरणांत किती पाणी आहे, हे आपण पावसाळ्यात रोज वर्तमानपत्रात वाचतो. काल किती मिलिमीटर पाऊस पडला तेही वाचतो. मग काल कोणत्या चौकात किती मिनिटे खोळंबा झाला, कशाने झाला आणि कसा सुटला, हे का वाचायला मिळू नये? चौकाचौकांत कॅमेरे आहेत, आपल्या खिशातले फोन क्षणोक्षणी वेग कळवत आहेत. उणीव आहे ती रोजकीर्दीची. अर्ध्या तासावरच्या प्रत्येक कोंडीची एक ओळ लिहा. 'अमुक पूल, सकाळी दहा दहा ते अकरा पन्नास, कारण: टेम्पो.' 'अमुक चौक, कारण: शाळा सुटली, दोन्ही बाजूंना गाड्या.' 'अमुक रस्ता, कारण: खोदाई, परवानगी कोणाची ते लिहावे.' सहा महिन्यांत चित्र स्पष्ट होईल. कुठल्या चौकात दर मंगळवारी तेच कारण आहे, कुठे एक बसथांबा वीस पावले पुढे नेला तर काम होईल, कुठे मंगल कार्यालयाच्या दारात मुहूर्ताला रस्ता बंद पडतो, हे सगळे त्यात उमटेल. यातले बरेच उपाय पुलाच्या एका खांबाच्या खर्चातही होणार नाहीत.

आणि काही ओळींपुढे लिहावे लागेल, 'कारण: काही नाही.' सर्वांत मोलाची नोंद तीच. कारण काही नाही याचा अर्थ, वाहने ताकदीच्या काठावर आली आहेत, अठराचे एकोणीस झाले आहेत. तिथे हवालदार वाढवून किंवा सिग्नल बदलून भागणार नाही. तिथे एकोणिसाव्याला दुसरी वाट द्यायला हवी. त्यासाठी दर पाच मिनिटांनी येणारी बस हवी, आणि स्टेशनपर्यंत धड चालता येईल असा पदपथ. गणिताची चांगली बाजूही तीच आहे. एक वाढला तर रांग दुप्पट होते, तशी एक कमी झाला तर निम्मी होते. सगळ्या पुण्याने गाड्या विकाव्यात असे कोणी म्हणत नाही. वीसात एकाने जरी सकाळी दुसरी वाट धरली, तरी उरलेल्यांना फरक कळेल.

हेड कॅशियरांच्या तेराव्याला मी रिक्षा केली नाही. वनाजपर्यंत चालत गेलो. वीस मिनिटे लागली, कारण पदपथावर दुकानांच्या पाट्या, दुचाक्या आणि एक झोपलेला जनरेटर होता, आणि चार वेळा मला रस्त्यावर उतरावे लागले. मेट्रोने जिल्हा न्यायालयापर्यंत, तिथे खाली उतरून दुसऱ्या गाडीने मंडईला. तिथून त्यांचे घर दहा मिनिटांवर. मी वेळेच्या अर्धा तास आधी पोचलो. त्यांच्या मुलाला जरा अवघडल्यासारखे झाले, अजून पाटही मांडले नव्हते.

तो आतून एक डबी घेऊन आला. "बाबांच्या कपाटात मिळालं. तुमच्या शाखेचंच ना?" आत जुने पितळी टोकन होते, अंक झिजलेला. निवृत्त होताना त्यांनी ते मॅनेजरना विचारून, रजिस्टरमध्ये नोंद करून घेतले होते, हे मला माहीत होते. नोंद मीच केली होती.